विमानानेच पोचता येतं अशा गावांत मुलांची थेरपी कशी करता? (कॅनडा, वायव्य ओंटारिओ)

मृण्मयी_ओटी:
नमस्कार. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारी) आहे, पुढच्या महिन्यात सू लुकआउट या गावात जॉइन होतेय, तिथून उत्तरेकडच्या फर्स्ट नेशन्सच्या (इथल्या मूळनिवासी लोकांच्या) गावांत जायचंय. बऱ्याच गावांना वर्षभर चालणारा रस्ताच नाही, छोटं विमान, नाहीतर हिवाळ्यात तळी गोठली की काही आठवडे बर्फावरचा रस्ता, बस. आता दोन-तीन महिन्यांतून एकदा दोन दिवस जाऊन सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाला मी काय देणार, हेच डोक्यात घोळतंय. आणि खर्च कोण करतं? एक म्हणतो फेडरल म्हणजे केंद्र सरकार, दुसरा म्हणतो प्रांत. तिकडे कोणी काम केलंय का?

फिजिओ_सदा:
मी चार वर्षं केलंय. पैशाचं आधी सांगतो कारण पोरं तिथेच अडकतात. हॉस्पिटल-डॉक्टर प्रांताकडे, रिझर्व्हवरच्या (फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) बऱ्याच सेवा फेडरलकडे, आणि मुलांची थेरपी दोघांच्या मधल्या फटीत. नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स या फेडरल योजनेतून औषधं, दात, चष्मा, उपचारासाठीचा प्रवास मिळतो, पण ओटी, फिजिओ, स्पीच त्यात बसत नाही. म्हणून जॉर्डन्स प्रिन्सिपल हा फर्स्ट नेशन्सच्या मुलांसाठीचा नियम नीट वाचून जा. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा मुलगा, जन्म १९९९, जन्मापासून विनिपेगच्या हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले आता बाहेर नेलं तरी चालेल, तर हॉस्पिटलबाहेरच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा यावर दोन सरकारं दोन वर्षांहून जास्त भांडत बसली आणि २००५ मध्ये तो पाच वर्षांचा पोरगा हॉस्पिटलातच वारला, घर काय असतं ते एक दिवससुद्धा न बघता. मला हे लिहिताना आजही त्रास होतो. त्याच्या नावाचा नियम असा की सेवा आधी द्या, पैशाचा वाद नंतर घाला. संसदेने २००७ मध्ये ठराव केला, पण मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये हा भेदभाव आहे असं ठरवल्यावरच खरं हललं. अर्जंट केसला १२ तास, बाकीच्यांना ४८ तास अशी मुदत २०१७ मध्ये घालून दिली. प्रत्यक्षात अर्ज कितीतरी महिने पडून राहतात आणि फेब्रुवारी २०२५ पासून तर नियम आणखी कडक झालेत. म्हणून अर्जाला जोडायचं तुझं पत्र कच्चं नको. मूल काय करू शकत नाही, काय मिळालं तर करेल, उशीर झाला तर काय बिघडेल, सगळं लिही आणि गावातून निघायच्या आधी पाठव, परत आल्यावर लिहू म्हटलं की राहतं.

स्पीच_वर्षा:
सदा म्हणतो ते बरोबर, पण पत्राच्या आधीचंही एक आहे. माझ्या पहिल्या भेटीत एक आई एकाही प्रश्नाचं उत्तर देईना, मी फॉर्म काढून बसले होते. तिच्याबरोबर आलेली आजी शेवटी म्हणाली, तू हे सगळं लिहून कोणाला देणार? मग माझी ट्यूब पेटली. तिकडे रेसिडेन्शियल शाळांसाठी (मूळनिवासी मुलांच्या सक्तीच्या वसतिगृह-शाळांसाठी) घरातून उचलून नेलेली मुलं आता आजी-आजोबा आहेत, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्यात म्हणजे काही जुनी गोष्ट नाही. नंतर चाइल्ड वेल्फेअरवाल्यांनीही (बालकल्याण खात्याच्या लोकांनी) मुलं नेली. कागद-पेन घेऊन मुलाकडे बघणारं माणूस म्हटलं की भीती वाटणारच ना. तेव्हापासून मी फॉर्म बॅगेतच ठेवते, पहिला तास नुसती मुलाशी जमिनीवर बसून खेळते, आणि लिहिलेलं जायच्या आधी घरच्यांना वाचून दाखवते. टेस्टच्या आकड्यांवरही फार जाऊ नकोस, घरात ओजी-क्री ही तिथली भाषा बोलणारं मूल इंग्लिश चित्रं ओळखत नाही म्हणून त्याला भाषा येत नाही असं होत नाही.

मृण्मयी_ओटी:
वर्षाताई, फॉर्मचं वाचून पोटात गोळा आला, मी अगदी तेच करणार होते. पण दोन भेटींच्या मधे काय? व्हिडिओ कॉल?

फिजिओ_सदा:
नेट टिकलं तर. भरवसा माणसांवर ठेव. गावातला सपोर्ट वर्कर, शाळेतली मदतनीस, आजी, यांना शिकवणं हीच तुझी थेरपी समज. हवामानामुळे विमान उतरलं नाही की दोन दिवसांची एक दुपार होते, हे माझं दर दोन-तीन ट्रिपला व्हायचं, म्हणून मी मुलाला हात लावायच्या आधी आजीला लावायला सांगायचो, खुर्चीत कसं बसवायचं, कंबर कुठे धरायची, आणि तिच्याच फोनवर व्हिडिओ काढून ठेवायचो.

स्पीच_वर्षा:
आणि व्हीलचेअर मागवताना रस्ता बघ गं. आमच्या एका मुलाची खुर्ची आली तेव्हा पुढची चाकं एवढीशी, गिट्टीच्या रस्त्यावर दोन पावलांत रुतली, बर्फात तर विचारूच नको. वर ती यायला इतका वेळ लागला की तोवर त्याचे पाय लांब झाले होते, फूटरेस्ट गुडघ्याशी. त्याच्या मामाने घरामागे स्नोमोबाइलला जोडायच्या स्लेडवर फोमची सीट बसवून दिली, पोरगा त्यातून तळ्यावर मासे पकडायला जायला लागला. मी पुढच्या अर्जात त्या सीटचे फोटो आणि मापं जोडली. तू मेजर टेप आणि जास्तीचे पट्टे नेहमी हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इन सामान बऱ्याचदा पुढच्या विमानाने येतं.