बिस्फेनॉल-ए : सुरक्षित मात्रा एकदम वीस हजार पटींनी कमी कशी झाली?

मानसी

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्लास्टिकवरच्या पाठाची तयारी करताना बिस्फेनॉल-ए या, काही कडक प्लास्टिके बनवताना वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या एका आकड्यापाशी अडले आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये या रसायनाची रोजची सुसह्य मात्रा, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम ठरवली होती. 2023 मध्ये त्याच संस्थेने ती 0.2 नॅनोग्रॅमवर आणली (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग). म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 240 मायक्रोग्रॅम चालतील असे सांगणारी संस्था आठ वर्षांनी 12 नॅनोग्रॅमच्या पुढे जाऊ नका म्हणते. कोणताही पदार्थ विषारी ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे, हे तत्त्व मी दरवर्षी शिकवते. पण सुरक्षित मात्राच अशी बदलत असेल, तर विद्यार्थ्यांना काय सांगावे? नेमके काय बदलले, आणि हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या इतर रसायनांचेही असेच आहे का?

अनिरुद्ध

मानसीताई, बदलला तो अपाय कशाला म्हणायचे याचा निकष. 2015 ची मर्यादा उंदरांच्या मूत्रपिंडाच्या वजनात दिसलेल्या बदलावर आधारलेली होती. 2023 मध्ये मात्र गर्भात असताना आणि आईचे दूध पीत असताना बिस्फेनॉल-ए मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांकडे पाहिले गेले, आणि त्यांच्या प्लीहेतील एका प्रकारच्या प्रतिकारपेशींचे प्रमाण वाढल्याचे आढळले, तेही अतिशय कमी मात्रेला. अवयवाचे वजन बदलायला जेवढे रसायन लागते, त्याच्या कितीतरी कमी रसायनाने पेशींचे प्रमाण बदलते, आणि त्यामुळे मर्यादा खाली आली.

हा निर्णय सर्वमान्य नाही, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने आणि युरोपीय औषध संस्थेने त्यावर लेखी मतभेद नोंदवले. पेशींच्या प्रमाणातील अशा बदलामुळे माणसाला आजार होतो हे सिद्ध झालेले नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा एक भाग होता. तरीही जर्मन संस्थेने स्वतः सुचवलेली मर्यादा 0.2 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा वीस पटींनी कडक. किती कमी करायचे यावर वाद आहे. कमी करायला हवे यावर युरोपीय प्राधिकरण आणि जर्मन संस्था यांचे एकमत आहे. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल-ए वापरण्यावर बंदी घालणारा नियम युरोपीय महासंघाने डिसेंबर 2024 मध्ये संमत केला.

शुभदा

अनिरुद्ध यांनी नियमांची बाजू नीट मांडली आहे. मी शरीराची बाजू मांडते, कारण माझ्या मते मूळ प्रश्न मात्रेइतकाच वेळेचा आहे.

आपल्या शरीरातील हार्मोन मुळातच अत्यल्प प्रमाणात काम करतात. प्रौढ स्त्रीच्या रक्तात एस्ट्राडायोल हे स्त्री-हार्मोन दर मिलिलिटरमागे काही दशक ते काही शे पिकोग्रॅम असते, आणि एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, तसे हे आहे. हार्मोन पेशीच्या ज्या भागाला चिकटून संदेश देते त्याला ग्राही म्हणतात; त्याच ग्राहीला चिकटणारा परका रेणू थोडा असला तरी बिनमहत्त्वाचा ठरत नाही. शिवाय मात्रा वाढवत नेली की परिणाम सरळ रेषेत वाढेल, याचीही इथे खात्री नसते.

वेळेचे सर्वांत दुःखद उदाहरण माणसांतलेच आहे. लंडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1938 मध्ये डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोनसारखे काम करणारे रसायन, तयार केले आणि पुढे गर्भपात टळावा म्हणून ते अमेरिकेत गरोदर स्त्रियांना सर्रास दिले गेले. त्याचा काही उपयोग होत नाही, हे 1953 मध्ये शिकागोच्या चाचणीत दिसूनही ते देणे चालूच राहिले. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनिमार्गाच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या आईने गरोदरपणात हे औषध घेतले होते. औषध आईने घेतले, आईला त्यावेळी काही झाले नाही, आणि आजार मुलीला पंधरा-वीस वर्षांनी झाला. गर्भात अवयव घडत असताना मिळालेला चुकीचा संदेश नंतर पुसला जात नाही. आईचेच वजन आणि आईचीच रक्ततपासणी पाहणाऱ्या कोणत्याही पद्धतीला हा अपाय दिसला नसता.

याच डॉड्स यांनी 1936 मध्ये बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनसारखे वागते हे दाखवले होते. प्लास्टिकमध्ये ते आले त्यानंतर. त्याचा प्रभाव डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलपेक्षा खूपच क्षीण आहे, त्यामुळे दोघांना एका तराजूत तोलू नये. पण ही माहिती आधीपासून हाताशी होती, याची मला खंत वाटते.

प्रसाद

चर्चा प्लास्टिकपुरती राहू नये म्हणून शेतीतले एक उदाहरण देतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. ते 2000 साली थांबले. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मळ्यांच्या पायथ्याच्या गावातील 10 ते 19 वयाच्या 117 मुलग्यांची तुलना फवारणी न झालेल्या भागातील 90 मुलग्यांशी केली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फवारणीच्या गावातील मुलांमध्ये वयात येण्याची प्रक्रिया लांबलेली दिसली आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हार्मोनच्या निर्मितीवरही परिणाम जाणवला. अभ्यास लहान होता, एका वेळच्या पाहणीवर उभा होता, हे मान्य. तरी ही आपल्या देशातल्या मुलांची नोंद आहे आणि ती वर्गात सांगितली गेली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली.

मानसी

सर्वांचे मनापासून आभार. पाठाची मांडणी आता वेगळी करेन. एकच विचारते: पालकसभेत हमखास प्रश्न येतो की घरात काय बदलावे. त्याला प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

शुभदा

मानसीताई, घरातून काय हटवता येते आणि काय येत नाही, हे आधी वेगळे करावे. बिस्फेनॉल-ए साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जाते. ते रोज नव्याने येत राहते म्हणून शरीरात सापडते. त्यामुळे त्याचा मार्ग बंद केला तर फरक लवकर पडतो: गरम वरण, आंबट कढी किंवा लोणचे प्लास्टिकमध्ये ठेवू नये, डबा स्टीलचा असावा, आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे कडक पारदर्शक जार उन्हात तापू देऊ नयेत, कारण त्यांतले पुष्कळसे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे बिस्फेनॉल-एपासून बनणाऱ्या प्लास्टिकचे असतात. दुकानातील गुळगुळीत छापील पावतीवर हे रसायन सुटे असते. दिवसभर पावत्या हाताळणाऱ्या गरोदर स्त्रीने हातमोजे वापरावेत, आणि सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने पावती धरू नये, कारण त्याने रसायन त्वचेतून अधिक शिरते. डीडीटीसारखी कीटकनाशके मात्र चरबीत वर्षानुवर्षे राहतात, आणि तिथे गृहिणीवर जबाबदारी टाकणे अन्यायाचे आहे. ते काम कायद्याचेच.

‘बीपीए-मुक्त’ (बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए) या शिक्क्याबद्दलही पालकांना सांगावे. अनेक ठिकाणी त्या जागी बिस्फेनॉल-एस वापरले जाते आणि तेही हार्मोनच्या ग्राहींवर काम करते, असे प्रयोगांत दिसले आहे.

अनिरुद्ध

एक पुरवणी. जारच्या तळाशी त्रिकोणात 7 हा आकडा दिसला की तो पॉलिकार्बोनेटच असेल, असे मुलांना सांगू नये. 7 हा ‘इतर’ प्लास्टिकांचा वर्ग आहे, त्यात पॉलिकार्बोनेट येते आणि बिस्फेनॉल-एशी काही संबंध नसलेली प्लास्टिकेही येतात.