मदत हवी आहे: बर्डमध्ये डीफॉल्ट रूट दिसतो, ट्रॅफिक मात्र मेलेल्या लाइनवर

म्हापसाकर: ऑफिसात एका पीसीवर बर्ड (राउटिंगचा प्रोग्राम) चालवतो. काल पावसात माडाचं चुडत पडून फायबर तुटलं. पर्वरीच्या शाखेशी वायरलेस लिंक आहे, तिथून ओएसपीएफने (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेरच्या नेटचा रस्ता, येतो. बर्डमध्ये दिसतोही, पण नेट बंदच. जुन्या मशीनवर हीच कॉन्फिग वर्षभर बिनतक्रार चालली. चवथीच्या सुट्टीआधी मार्गी लागायला हवं, लवकर सांगा.

काजूबी: ओएस कुठली? बर्ड कितवा? 'आयपी रूट'चं आउटपुट कुठाय?

बीएसडीवाला: लिनक्स सोडा. ओपनबीएसडीत प्रत्येक रूटला प्रायॉरिटी असते, कमी आकडा आधी: स्टॅटिक (हाताने घातलेला) ८, ओएसपीएफ ३२.

काजूबी: मग तिथेही फायबरचा ८ वालाच जिंकणार की!

बीएसडीवाला: का जिंकला ते कळतं तरी.

फोंडेकर: फायबर कुणाचं? आमच्याकडे रस्ता खणला की तुटलंच.

माडाखाली: बर्ड काढून एफआरआर (तसाच दुसरा प्रोग्राम) टाका, मोकळे व्हा.

काजूबी: कशाला? त्यातला झेब्रा कर्नलमध्ये आधीच असलेल्या रूटचं डिस्टन्स ० धरतो, ओएसपीएफचं ११०, आणि कमी तोच निवडतो. पर्वरीचा रूट कर्नलपर्यंत पोचणारच नाही.

सुशेगाद७: अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑटोमॅटिक मेट्रिकची (रूटच्या पसंतीचा आकडा) टिक काढा, मग 'रूट प्रिंट' बघा.

म्हापसाकर: विंडोज कुठून आलं मध्येच? डेबियन आहे, बर्ड २. घ्या:

डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह ईथ०
डीफॉल्ट व्हाया १०.१०.०.१ डेव्ह ईथ१ प्रोटो बर्ड मेट्रिक ३२

ईथ० फायबरचं, ईथ१ पर्वरीचं. जुन्या पीसीवर डेस्कटॉप आणि नेटवर्क मॅनेजर होता, नव्यावर नाही.

काजूबी: हेच आधी लिहायचं ना पात्रांव! लिनक्समध्ये वेगळ्या मेट्रिकचे दोन डीफॉल्ट सुखाने नांदतात, कमी आकडा जिंकतो. बर्ड २ आपले रूट ३२ ने टाकतो. नेटवर्क मॅनेजर वायरच्या कार्डाला १०० देतो, म्हणून तिथे बर्ड जिंकायचा. नव्यावर डीएचसीपीने (आयपी पत्ता आपोआप मिळतो ते) आलेल्या फायबरच्या रूटला मेट्रिकच नाही, म्हणजे ०. फायबरचा डबा चालू आहे तोवर हा रूट हलणार नाही. बर्ड दुसऱ्याने टाकलेला रूट काढत नाही, आणि काढूही नये. इंटरफेसेस फाइलमध्ये ईथ० खाली 'मेट्रिक २००' लिहा, इफडाउन-इफअप (कार्ड बंद-चालू) करा.

म्हापसाकर: चाललं! देव बरें करूं.

बीएसडीवाला: थांबा. जुन्या मशीनवर फायबर १००, पर्वरी ३२. म्हणजे वर्षभर सगळं ट्रॅफिक पर्वरीवरून जात होतं?

म्हापसाकर: …पर्वरीवाले रोज संध्याकाळी 'नेट स्लो' म्हणून फोन करायचे. आम्ही त्यांनाच राउटर रीस्टार्ट करायला सांगायचो.

काजूबी: फायबर जोडलं तरी आता तेच होणार. लाइन मेली हे मेट्रिकला कळत नाही. बाहेरचा एखादा पत्ता ईथ० वरून पिंग करणारी स्क्रिप्ट लावा: उत्तर येतंय तोवर मेट्रिक १०, थांबलं की २००.

म्हापसाकर: चवथीनंतर. पर्वरीला सांगू नका.

फोंडेकर: फायबर कुणाचं ते राहिलंच.