केसं, गुंतवळ आणि एक वाटी: तुमच्या घरच्या सवयी सांगा (अनुभव धागा)

पऱ्हाटी

आज सकाळी केसवाला आला होता. मोटरसायकल, मागं जाळीत स्टीलची भांडी, भोंग्यावर रेकॉर्ड, "केसं द्या, भांडे घ्या". दिवाळीपासूनची गुंतवळ मी पन्नीत भरून खिडकीच्या गजाला बांधून ठेवली होती, ती दिली. त्यानं आधी हातावर तोलली, मग चिमुकल्या काट्यावर टाकली आणि म्हणे, "ताई, मागच्या बारीपेक्षा डबल निघाले. तब्येत बरी हाये ना?"

नवऱ्याच्या लक्षात आलं नाही ते केसवाल्याच्या आलं. बदल्यात एक वाटी दिली न गेला.

तेव्हापासून आजी डोक्यातून जात नाही. तिचं विंचरून झालं की ती गुंतवळ बोटाला गुंडाळायची, त्यावर थुंकायची (करणी होऊ नये म्हणून) आणि मातीच्या भिंतीच्या फटीत कोंबायची. ती गेल्यावर घर पाडलं तेव्हा भिंतीतून मुठीमुठीनं केस निघाले. खालच्या फटीतले काळेभोर, वरच्या फटीतले पांढरे. म्हातारपणी वाकवत नसेल.

तिचं न्हाणं आठवड्यातून एकदाच, रविवारी. शनिवारी रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, रिठे, आवळकाठी भिजत. सकाळी चुलीवर उकळायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. डोळ्यात गेलं की मिरचीसारखं झोंबायचं, आम्ही बोंबलत पळायचो. ओल्या केसांना फणी लावू द्यायची नाही. उन्हात बसवून बोटांनी गुंता सोडवायची, खालून वर, टोकापासून.

माझं? सकाळी सातला नळ, आठला डबे, नऊला अंगणवाडी. एक रुपयाची पुडी फोडायची, डोक्यावर ओतायची, ओल्या केसांचाच बुचडा बांधून निघायचं. संध्याकाळी सोडला की कुबट वास.

तुमच्या घरी काय चालायचं, काय सोडलं, कशानं वाट लागली, सांगा. यादी नको, घडलेलं सांगा.

तर्री_पोहा

वाटी केवढी?

पऱ्हाटी

चटणीची.

पाचभावांची_बहीण

आमच्याकडं भावाच्या जन्मवारी बहिणीनं डोक्यावरून न्हायचं नाही. मला भाऊ पाच. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार गेले. शनिवार आई धुवू देत नव्हती, मारुतीचा. उरला बुधवार, आणि बुधवारी आमच्याकडं बाजार. दोन दोन आठवडे डोकं तसंच राहायचं न खाजून खाजून जीव जायचा. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सलग दोन दिवस डोकं धुतलं तेव्हा भावांना काहीच झालं नाही, पाचही ठणठणीत आहेत. एकाला तर टक्कल पडलं, पण तो त्याच्या कर्मानं.

बोंडअळी

माझ्या बहिणीनं हे वाचलं तं रोजच धुवून राहील, मले काही झालं तं जबाबदार तुम्ही 😄

अंबाडी

उवांचं कोणीच काढलं नाही अजून? सगळ्या शहाण्या घरच्या दिसता.

मी सहावीत. शाळेतून उवा घरी आल्या, मग आम्ही तिघी बहिणी, मग आई. कोणीतरी सांगितलं सीताफळाच्या बिया वाटून लावा. आमच्या बांधावर सीताफळं भरपूर, बिया फुकट. आईनं पाट्यावर वाटल्या, तेलात कालवल्या न डोक्याला फासून फडकं बांधलं. उवा मेल्या, ते खरं. पण धुताना पाणी डोळ्यात उतरलं. मी रात्रभर किंचाळत होते. सकाळी डोळे उघडेनात, उजेड सहन होईना. बाबांनी सायकलवर बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "सीताफळ लावलं का?" म्हणजे त्या आठवड्यात मी पहिली नव्हते. बुबुळावरची साल निघाली होती. चार दिवस पट्टी. डोळा वाचला.

अजूनही सीताफळ खाताना बी दाताखाली आली की अंगावर काटा येतो. आणि आजही गावात हाच इलाज सांगतात. करू नका. रॉकेल पण नको. आमच्या गल्लीतली एक जण रॉकेल लावून चुलीपुढं बसली होती, पुढचं लिहीत नाही.

कात्री

नमस्कार, मी दुकान चालवतो (कटिंगचं). बाया-पोरींचं मले काही समजत नाही, माणसांचं सांगतो.

फवारणीच्या दिवसात माह्या खुर्चीवर जे डोस्के येतात त्यांचा वास अजून औषधाचा असते. कारण काय, तोंडाले बांधलेला दुपट्टाच घाम पुसाले, तोच डोक्शाले, तोच रात्री उशाले. मी म्हणतो भाऊ, शेतातून आला की आधी डोस्कं साबणानं धू, दुपट्टा येगळा धू, घरच्या कपड्यात टाकू नको. जेवण मंग. हसतात. २०१७ मधी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून थोडे तरी ऐकतात.

दुसरं. एकाच टॉवेलानं, एकाच फणीनं पूर्ण घर चालते. एकाले नायटा झाला का महिन्याभरात सर्व्याईले. लहान पोराच्या डोक्शात गोल चट्टा पडून केस तुटले दिसले का मी मशीन लावत नाही, दवाखान्यात धाडतो. तो नुसत्या मलमानं जात नाही, गोळ्या लागतात. मायबाप माह्यावरच रागावतात, "गिऱ्हाईक वापस पाठवते".

तिसरं लिंबू. कोंडा झाला का लिंबू चोळून पोट्टे उन्हात क्रिकेट खेळतात. एकाच्या कपाळावर लिंबाचा ओघळ जिथं जिथं उतरला तिथं तिथं काळे पट्टे पडले, दोन महिने गेले नाहीत. लग्न तोंडावर होतं त्याचं.

तर्री_पोहा

लग्न झालं का मग?

कात्री

हाव. फोटोत फेट्यानं झाकलं.

खारंपाणी

आम्ही खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या काठचे. अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, त्यामुळं इथं बरेच जण ओळखतील. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. साबण लावला की फेस नाही, नुसता पांढरट चिकट थर बसतो, केस वाळल्यावर झाडूसारखे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना वाटायचं मी डोकं नीट धूतच नाही.

सासूबाईंनीच शिकवलं मग. अंगाचा साबण डोक्याला लावायचा नाही, तो खाऱ्या पाण्यात फाटतो. रिठे-शिकेकाईचं पाणी त्या पाण्यातही चालतं. आणि शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे. आधी टँकरचं पाणी रांजणात राखून ठेवायचो, आता आरओचा कॅन आहे. नवरा म्हणतो प्यायच्या पाण्यानं केस धुते, श्रीमंत बाई. दोन तांबे! त्याची मोटरसायकल किती पाण्यानं धुतो ते मी बोलत नाही.

चारोळी

आम्ही गडचिरोलीकडचे. आजी मोहाच्या बियांचं तेल लावायची, टोरीचं. थंडीत तुपासारखं घट्ट. वास इतका की शाळेत बाकावर शेजारी कोणी बसेना. केस मात्र तिचे शेवटपर्यंत होते. माझे नाहीत, तेलामुळं की तिच्यामुळं कोण जाणे.

संत्राबर्फी

खोबरेल आमच्याकडं पण डिसेंबरात दगड. निळी बाटली चुलीच्या कडेला ठेवली होती, बूड वितळून तेल राखेत. आईनं ती राख सुद्धा भांडे घासायला वापरली, म्हणे तेलकट भांड्याला तेलकट राख 😂 आता बाटली उन्हात ठेवते नाहीतर अंघोळीच्या गरम पाण्याच्या मगात.

माझी बहीण फार्मसी करते, ती म्हणते तेल लावायचं तर धुवायच्या आधी लावा, खोबरेल केसाच्या आत शिरतं, धुताना केसाची झीज कमी होते. सूर्यफुलाचं तसं शिरत नाही. पण कोंडा असेल तर तेल थापू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. तिनं मला किटोकोनॅझोलचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं थांबायचं. मी आधी लावला की लगेच धुवायची न म्हणायची फरक नाही.

जवसाची_चटणी

जवस उकळून त्याचं चिकट पाणी केसांना लावून पाहा, बसतात छान. पोरी आता त्याला जेल म्हणतात. आम्ही बैलाला द्यायचो.

बोंडअळी

काकू चटणीची रेसिपी टाका आधी, केस राहू द्या.

जवसाची_चटणी

जवस कोरडे भाजायचे, तडतडले की उतरवायचे. लाल मिरची, लसूण, मीठ, थोडं जिरं. खलबत्त्यात. मिक्सरमध्ये लगदा होतो. खाताना कच्चं तेल. झालं.

घाटाखालचा

विषय केसांचा आहे म्हणून लिहितो, सवयींचा नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं टीव्हीवर झळकली. मावशीची नणंद त्याच भागात. आधी डोकं खाजलं, मग हात फिरवला की पुंजकाच हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, माणसं, लेकरं सगळी. लोकांनी आधी शाम्पूला दोष दिला, मग पाण्याला. कोणी म्हणे व्हायरस. पै-पाहुण्यांनी येणं बंद केलं. आयसीएमआरचं (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक आलं, नमुने नेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासून गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. पुढं काहींची नखंही गळाली.

मावशीच्या त्या नणंदबाईंनी तोवर चार तेलं, दोन लेप आणि एका बाबाचा अंगारा लावून झाला होता. केस आले परत, बारीक, लवेसारखे. आता त्या रोज आरशात बघून हात फिरवतात आणि कोणी तेल सुचवलं की चिडतात. म्हणून म्हणतो, अचानक गळायला लागले तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका.

दोनवेण्या

शाळेत दोन वेण्या, दुमडून लाल रिबिनी, नाहीतर बाईंची पट्टी. आई इतक्या करकचून घालायची की डोळे चिनी व्हायचे. दहा वर्षं. आता कानाच्या वर दोन्हीकडं केसच नाहीत, डॉक्टर म्हणाले ओढून ओढून मुळं गेली. माझ्या पोरीची वेणी मी सैल घालते. शाळेतून चिठ्ठी येते, "वेणी व्यवस्थित घालावी". मी सही करून परत पाठवते.

सिस्टरबाई

ड्युटी संपली, आता वाचलं. पऱ्हाटीताई, मागं ताप आला होता का? डेंगू, चिकनगुनिया, टायफॉईड काही?

पऱ्हाटी

गणपतीत आला होता. चिकनगुनिया म्हणाले. सांधे अजून धरतात. का हो?

सिस्टरबाई

मग तेच. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. तेव्हा ताप कोणाच्या लक्षात नसतो, म्हणून दोष शाम्पूला जातो. बाळंतपणानंतर पण असंच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि सासू म्हणते बाळ हसायला लागलं की केस जातात. मूळ शाबूत असतं, सहा महिने ते वर्षात भरून येतात. रोज ५० ते १०० केस तर चांगल्या माणसाचेही जातात. पण एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासून घ्या. आमच्याकडं येणाऱ्या बायांचं बघून सांगते, केसांच्या तेलावर पैसे घालतील पण लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच. आणि घेतात त्या चहासोबत! चहानं लोह अंगी लागत नाही. कात्रीभाऊंचं लिंबू डोक्यावर नाही, वरणावर पिळा, त्यानं लोह अंगी लागतं.

अंबाडीताई, उवांसाठी पर्मेथ्रिन १ टक्का मिळतं, धुतलेल्या ओलसर केसांना, दहा मिनिटं, डोळे झाकून. लिखा त्यानं सगळ्या मरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी परत एकदा. घरातल्या सगळ्यांचं डोकं त्याच दिवशी बघायचं. आणि पोरीला रागवू नका, उवा स्वच्छ डोक्यातही होतात. उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात.

अंबाडी

सिस्टर तेव्हा तुम्ही कुठं होता 🙏

सिस्टरबाई

तेव्हा मी पण सहावीत होते, माझ्या आईनं गोटे केले होते.

मोहाळ

काळ्या मेहंदीचं राहिलं. माझ्या जेठाणीनं भाच्याच्या लग्नाआधी पुडीतली लावली, "नैसर्गिक" लिहिलेली. सकाळी डोळे दिसेनात, चेहरा भोपळा. मेहंदीचा पाला लाल-केशरी रंग देतो, काळा देत नाही, काळ्यात रसायन असतं हे तेव्हा दवाखान्यात कळलं. आता ती कानामागं थोडी लावून दोन दिवस थांबते. लग्नाच्या व्हिडिओत ती नाहीच, सगळे विचारतात मोठ्या वहिनी कुठं.

पाचभावांची_बहीण

सिस्टर, बुधवारी एचबी तपासतात का?

सिस्टरबाई

रोज तपासतात हो, या.

पऱ्हाटी

सिस्टर, उद्याच जाते. खूप हलकं वाटलं. आज बुचडा न बांधता केस वाळवले, अंगणवाडीत दहा मिनिटं उशीर. एक चिमुकली म्हणाली, "मॅडम, भूत."

आणि ऐका, आत्ता जेवायला बसलो. त्या वाटीत वरण घेतलं तर ताटात तळं. बुडाला सुईएवढं भोक.

तर्री_पोहा

केस गळले तं वाटी आली. आता वाटी गळली तं काय येणार?