मदत हवी आहे: कुरोकावा ओन्सेन आणि आईच्या हातावरचे गोंदण

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये मी, पत्नी आणि ६८ वर्षांची आई असे तिघे जपानला जात असून त्यांतले दोन दिवस क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातील कुरोकावा ओन्सेन (ओन्सेन म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याचे झरे व त्यांची स्नानकुंडे) या गावी राहायचे ठरवले आहे. फुकुओकाहून बसने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते, त्यामुळे प्रवासाबद्दल शंका नाही. अडचण गोंदणाची आहे.

आईच्या उजव्या हातावर कोपराखाली तुळशीवृंदावन आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. आई आठ-नऊ वर्षांची असताना आजीने गावच्या जत्रेत ते गोंदवून घेतले होते. जपानमध्ये गोंदणाचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो आणि म्हणून अनेक ठिकाणी गोंदलेल्या माणसांना सामाईक कुंडात उतरू देत नाहीत, हे मला विमानाची तिकिटे काढून झाल्यावर कळले. एका ऱ्योकानला, म्हणजे तिथल्या पारंपरिक निवासाला, ईमेल लिहिले, तेव्हा अतिशय नम्र शब्दांत उत्तर आले की गोंदण लहान असल्यास पट्टीने झाकावे, आणि कृपया त्याचे माप कळवावे. शिवणाच्या टेपने मी माप घेत होतो, तर आई म्हणाली, "आता काय हाताला पोलका शिवतोस?" वृंदावन नऊ बाय सात सेंटिमीटर भरले. ठिपक्यांचे माप कळवण्याचे धैर्य मला झाले नाही.

गोंदण झाकण्यासाठी त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या मिळतात. परंतु कुंडातले पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचे असते. एवढ्या गरम पाण्यात, सुरकुतलेल्या हातावर त्या टिकतात का? हनुवटीवरच्या ठिपक्यांकडे तिथले लोक दुर्लक्ष करतात, की तेही झाकावे लागतील?

दुसरे असे की कुरोकावाची खरी मजा एकाच निवासात नाही. नदीकाठी आणि आसपासच्या झाडीत सुमारे तीस ऱ्योकान आहेत आणि १९८६ पासून तिथे 'न्यूतो तेगाता' नावाची लाकडी चकती मिळते, जी दाखवून वेगवेगळ्या तीन ठिकाणच्या उघड्यावरच्या कुंडांत स्नान करता येते. पानगळीच्या दिवसांत आईला हे अनुभवता यावे, एवढ्यासाठीच हे गाव निवडले. मात्र एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याकडे चालेलच असे नाही. ह्योगो प्रांतातील किनोसाकी येथे सात सार्वजनिक स्नानगृहांत गोंदणाला आडकाठी नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते गजबजलेले गाव आहे आणि आईला झाडे हवी आहेत.

विवस्त्र होऊन उतरण्याचाही प्रश्न आहेच. कुंडात कपडे चालत नाहीत, आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवावे लागते, हे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली की तुरळच्या गरम पाण्यात आम्ही साडी नेसूनच उतरायचो. बायकांचे कुंड वेगळे असले तरी तिला संकोच वाटणार, म्हणून तासाभरासाठी स्वतंत्र मिळणारे 'काझोकुबुरो', म्हणजे कुटुंबापुरते कुंड, घ्यावे असे माझ्या मनात आहे. तिथे ती आणि माझी पत्नी दोघीच जातील. तसे केल्यास गोंदणाचा प्रश्नही मिटतो का? आई माळकरी आहे आणि गळ्यातली तुळशीची माळ ती स्नानातही काढत नाही, तर त्याला कोणी हरकत घेते का? तिला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त ती पाण्यात बसणार नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात विचारतो. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही बहुधा 'दाशी', म्हणजे सुक्या माशाचे सार, असते, तेव्हा मासे-मांस आणि दाशी तिन्ही वगळून जेवण देणाऱ्या तिथल्या निवासाचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

शेवटची विनंती जपानी जाणणाऱ्यांना आहे. "हे लहानपणी काढलेले पारंपरिक गोंदण आहे, झाकण्याची आमची तयारी आहे", एवढा मजकूर कोणी विनम्र जपानीत लिहून दिल्यास तो मोठ्या अक्षरांत छापून आईच्या पिशवीत ठेवीन.