वाटणी झाली, पण जमली का? अनुभव सांगा

लहानपणी आमच्याकडे खरवसाचा नियम होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. मला मधला लुसलुशीत भाग आवडायचा, धाकट्याला कडेचा घट्ट. हे एकमेकांना कळायला चार वर्षं लागली. तोवर डबा मधोमध कापून दोघंही अर्धं नावडतं खात होतो. परवा गावच्या जमिनीची बोलणी चालू असताना ते आठवलं. तुम्ही काय वाटलंत, कसं वाटलंत? वकिली सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

*

आमची विहीर सामाईक, सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. चुलतभावाचा ऊस, माझा कांदा. तीन-तीन दिवसांची पाळी, रविवार मोकळा. कागदावर चोख. पण पंपाची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि रात्रीची महिना-महिना माझ्याच वारांना यायची. रात्री दोनला पिकाला पाणी द्यायला दारं धरायची, बॅटरी तोंडात, आणि शेजारच्या उसात बिबट्या. एका साली भांडण इतकं पेटलं की स्टार्टरच्या पेटीला दोघांची दोन कुलपं लागली. कांदा वाळला, ऊसही पिवळा पडला. शेवटी चुलती म्हणाली, "अरे, कांद्याला हलकं पाणी पण लवकर-लवकर लागतं, उसाला एकदाच भरपूर. वार कशाला वाटताय?"

आता तो रात्रीच्या लाइटवर सलग ऊस भिजवून घेतो, त्याच्याकडे गडी आहे. मी मधल्या दिवसांत सकाळी तीन-चार तास घेतो. तास मोजले तर त्याला जास्त मिळतात. माझी तक्रार नाही. त्याच्या गड्याची असेल.

*

पुण्यात तिघं मित्र, भाडं 24,000. एक गॅलरीची खोली, एक मधली, एक स्वयंपाकघरालगतचा कोंडवाडा. आधी 8,000 प्रत्येकी आणि चिठ्ठ्या टाकल्या. कोंडवाडा निघालेला रोज सकाळी बाथरूम अडवून सूड उगवायचा. मग बोली लावली: गॅलरी 9,500, मधली 8,000, कोंडवाडा 6,500. आता कोंडवाड्यावर दोघांच्या उड्या! तो 7,000 वर गेला, मधली 7,500 वर आली, तेव्हा कुठे शांतता.

*

रत्नागिरीकडची बाग, 40 हापूस कलमं, दोन घरं. झाडं वाटायला गेलो तर म्हातारी कलमं कुणी घ्यायची यावर अडलं. म्हणून एक वर्ष तुमचं, एक वर्ष आमचं. शाळकरी हिशोब! हापूस एक वर्ष भरभरून लागतो, पुढच्या वर्षी बहुधा दम खातो. फळाचं वर्ष नेमकं समोरच्यांच्या वाट्याला. मग आमच्यातल्या एकाने आपल्या वर्षी मोहोर यावा म्हणून मुळाशी कल्टार हे औषध ओतलं, हात जरा सैल सोडून. शेणखत मात्र कुणीच घालेना, कारण "पुढचं वर्ष त्यांचं". पाचेक वर्षांत झाडं शिणली. आता बाग खंडाने दिलीय, पैसे निम्मे. मुंबईच्या काकांना मात्र पैसे नकोत, दोन पेट्या हव्यात, त्याही विहिरीजवळच्या कलमाच्याच. करारातून ते एक कलम वगळलं.

*

विहिरीवाल्या दादा, आमच्या पुरंदरात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमीन बघून नाही, माणसं मोजून पाणी दिलं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस बंद. आमच्या आजोबांकडे जमीन जास्त, माणसं कमी. ते शेवटपर्यंत याला अन्याय म्हणत. आत्याच्या घरी पाच माणसं. ती नुसती हसायची.

*

आई गेल्यावर भांडी. आम्ही तिघी बहिणी, पाळीपाळीने उचलायचं ठरलं. थोरली, मधली, धाकटी, मग उलटं: धाकटी, मधली, थोरली. म्हणजे शेवटच्या पाळीवालीला लागोपाठ दोन वस्तू. पितळी पातेली, खलबत्ता, पैठणी, सगळं कुरबुरीशिवाय गेलं. पुरणयंत्रापाशी सगळ्या थबकल्या. वहिनी दारात उभी होती. अकरा वर्षं आईचं तिने केलं, आणि पाळीत तिचं नाव घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पाळी माझी होती. मी यंत्र उचललं.

ते आता माझ्या कपाटावर आहे. होळीला मी पुरण विकतचं आणते.