मदत हवी आहे: कामाच्या मागणीची पोचपावती नसेल, तर बेरोजगार भत्ता मिळू शकतो का?

सर्वांना नमस्कार. आमच्या वस्तीतील ११ कुटुंबांनी मार्च २०२४ मध्ये रोजगार हमीच्या कामासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिले, परंतु मागूनही एकालासुद्धा तारखेची पोचपावती मिळाली नाही आणि त्या उन्हाळ्यात कामही निघाले नाही. शेजारच्या काकूंचे जॉबकार्ड मी स्वतः उघडून पाहिले. फोटो जागेवर आहे, पण कामाच्या नोंदीची पाने कोरी आहेत.

तेव्हा लागू असलेल्या २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यानुसार मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्म्या दराने भत्ता देय होत होता, हे मी वाचले आहे. मात्र हा सारा हिशेब अर्जाच्या तारखेपासून सुरू होतो आणि नेमका तोच पुरावा आमच्या हाती नाही. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला, तेथे एका कागदाअभावी माणसे ऊसतोडीला जातात, याचे फार वाईट वाटते.

अर्जांच्या झेरॉक्स प्रती आमच्याकडे आहेत, पण त्यांवर आवक क्रमांक नाही. त्या आधारे तहसीलदारांकडे तक्रार करता येईल का? आवक नोंदवहीची नक्कल माहिती अधिकारात मागावी का? आणि असा भत्ता कोणी प्रत्यक्ष मिळवला असल्यास अर्जाचा मजकूर कसा होता, हे कृपया सविस्तर सांगावे.