अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिचचा बिग बँड (ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांचा मोठा जॅझ बँड) ऐकणारं कोणी आहे का आपल्या खान्देशात?

जंक्शनवाला
नमस्कार मंडळी. भुसावळच्या घराचा माळा साफ करताना आबांची कॅसेटची पेटी निघाली, आबा म्हणजे आजोबा, रेल्वेत गार्ड होते. त्यात नाट्यगीतं आणि अभंगांच्या मधे एक कॅसेट, वर पेनाने नुसतं 'बडी रिच वेस्ट साइड'. प्लेअर मिळवायलाच दोन दिवस गेले. लावली तर दहा मिनिटं नुसता धुमाकूळ, आई आतून विचारते कोणाकडे लग्न आहे रे. शेवटाकडे एकटा ड्रम वाजतो तो तर मागे करकरून इतका ऐकला की टेपच गुंतली. याच्या बँडचं पुढे काय ऐकू? आणि तुम्हाला हा कुठे भेटला?

कळण्याचीभाकरी
भाऊ लॉटरी लागली तुला!! ती 1966 ची, 'वेस्ट साइड स्टोरी' या अमेरिकन संगीत नाटकाची गाणी, बिल रेडीने बँडसाठी बसवलेली. विचार कर, सगळं जग तेव्हा बीटल्सच्या मागे, मोठमोठे बँड कधीच बसलेले, आणि हा पन्नाशीला टेकलेला बाबा ट्रम्पेटवाल्या हॅरी जेम्सच्या बँडमधली चांगली नोकरी सोडून पंधरा-सोळा जणांचा स्वतःचा बँड काढतो, वर सहा-सात वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. आता 'मर्सी मर्सी' ऐक, 1968 चं लास व्हेगासचं लाइव्ह, आर्ट पेपर अल्टो सॅक्सोफोन वाजवतोय त्यात. 'चॅनल वन स्वीट' रात्री हेडफोनवर ऐक, शेजारी भांडायला येतील नाहीतर.
मला पुण्यात होस्टेलला भेटला. रूममेटकडे कॅसेट होती, मेसची शेवभाजी मिळमिळीत आणि हा असला तिखट.

साइडड्रम_धुळे
मी लग्नाच्या बँडमधे साइड ड्रम वाजवतो त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या. लोक याच्या स्पीडवर मरतात, त्याना हातमा भलता जोर शे ते खरंच, पण मी सोलो नाही ऐकत. मी ऐकतो ट्रम्पेटवाले चढायच्या आधी तो काय करतो ते. ते दम घेतात ना, तेवढ्या फटीत हा एक फटका असा टाकतो की सगळी लाइन एकदम उचलली जाते. आमची मिरवणूक मारुतीच्या पारापाशी रेंगाळली, नाचणारे दमले, की मी पण तेच करायला बघतो, रोल, म्हणजे काड्यांचा सलग गडगडाट, लांबवायचा लांबवायचा आणि गाण्याचं तोंड आलं की सोडायचा, पोरं परत उसळतात. दहातून चारदा जमतं. याचं रोज रात्री जमायचं.
दुसरं म्हणजे याला नोटेशन वाचता यायचं नाही. नवीन चार्ट, म्हणजे लिहिलेलं संगीत, आला की दुसऱ्या ड्रमरला वाजवायला लावायचा, समोर बसून ऐकायचा आणि मग स्वतः बसला की पूर्ण पाठ. आम्हाला मास्तर क्लॅरोनेटवर वाजवून दाखवतो तसंच की!
आणि त्याचा डावा हात बघा, काडी तळहात वर करून धरतो. ती गळ्यात पट्टा अडकवून वाजवणाऱ्यांची पकड आहे, ड्रम तिरपा लटकतो म्हणून तशी धरावी लागते. याचा ड्रम स्टँडवर, तरी हात मिरवणुकीचाच.

जळगावचा_नाना
सगळे आरती ओवाळताय म्हणून एक खडा टाकतो. मला हा सलग एक तास झेपत नाही, सगळंच वरच्या पट्टीत. आणि बसमधे बँडच्या पोरांना झापायचा त्याच्या चोरून केलेल्या टेप्स आहेत, त्या ऐकल्या तर आपले सगळे मास्तर देवमाणसं वाटतील. तरी त्याची पोरं 1987 मधे तो गेल्यावरही त्याचंच नाव काढत राहिली, हे पण आहेच.
1968 चीच उस्ताद अल्लारखांबरोबरची रेकॉर्ड ऐकली का कोणी? रचना रविशंकरांच्या. मला त्यात तबलाच जास्त आवडतो, आता मारा मला.

साइडड्रम_धुळे
नाना मारत नाही पण तुम्ही ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेली दिसते.

जंक्शनवाला
'चॅनल वन' झालं आत्ताच, अंगावर काटा. आबांना ही कॅसेट कोणी दिली असेल देव जाणे, घरात कोणालाच माहीत नाही. धुळेकर दादा, तुमचा बँड कुठे ऐकायला मिळेल?

साइडड्रम_धुळे
पुढच्या रविवारी अमळनेरला सुपारी आहे, ये. वरणबट्टी पण आहे. फक्त डीजेवाल्याने आधी सुरू केलं तर माझा रोल ऐकू येणार नाही, अगदी जवळ उभा राहा.